गिअर अडतोय: क्लच सुटत नाही की सिंक्रो रिंग झिजली?

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मध्ये (१९८९ ते १९९७, जपानात युनोस रोडस्टर, अमेरिकेत मिआटा) निम्मं सुख गिअरच्या दांड्यात आहे. दांडा आखूड आणि गिअर नुसत्या मनगटाने पडतो. म्हणून तो अडायला किंवा ‘कर्र’ करायला लागला की मालक धसका घेतो आणि गिअरबॉक्सच गेला असं धरून चालतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये अशी जुनी गाडी घेणाऱ्या मराठी मंडळींनी घाई करू नये. हाताला अगदी सारखे जाणवणारे दोन वेगळे दोष इथे असू शकतात. एकाची दुरुस्ती बहुधा गाडीखाली झोपून दोन बोल्ट सोडण्याइतकी असते. दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो.

पहिला दोष म्हणजे क्लच ड्रॅग: पेडल तळाला टेकवलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि इंजिन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला (इंजिनाकडून फिरणं आत आणणाऱ्या दांड्याला) थोडं थोडं फिरवतच राहतं. दुसरा म्हणजे सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणारी पितळी कडी, झिजणं.

गिअर पडताना आत काय होतं हे कळलं की पुढच्या चाचण्या आपोआप समजतात. गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवरून काढलेला असताना इनपुट शाफ्ट इंजिनाच्या वेगाने फिरतो आणि त्याच्यासोबत खालचा काउंटर शाफ्टही फिरतो. पेडल दाबलं की इंजिन सुटतं आणि दोन्ही शाफ्ट तेलाच्या ओढीने काही सेकंदांत थांबतात. चालत्या गाडीत गिअर बदलताना पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते. तिच्या आतल्या बारीक खाचा तेलाचा थर कापतात, घर्षणाने वेग जुळतो आणि मगच दात गुंततात. रिंगेला फक्त शाफ्ट, गिअर आणि क्लच प्लेट एवढाच भार आवरायचा असतो. क्लच अर्धवट लागलेला असेल तर तिला चालू इंजिनाशी झुंजावं लागतं, आणि तिथे ती हरते. क्लच ड्रॅग महिनोन् महिने चालू ठेवला तर चांगल्या सिंक्रो रिंगाही त्यातच संपतात. एक दोष दुसऱ्याला जन्म देतो, म्हणून तपासणी नेहमी क्लचपासून सुरू करावी.

सगळ्यात आधी पेडलखालची मॅट काढा. जाड मॅटने पेडलची शेवटची हालचाल अडते आणि तेवढ्यानेही ड्रॅग होतो.

मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा दातावर दात येऊन अडला तर गाडी जराशी ढकला. बंद गाडीत सगळे सहज पडतात आणि इंजिन चालू केल्यावर उभ्या गाडीत पहिला व रिव्हर्स अडतात, तर संशय क्लचवर घ्या. बंद गाडीतही दांडा जड किंवा खरबरीत वाटत असेल तर दोष क्लचचा नाही आणि सिंक्रोचाही नाही. तो दांड्याच्या बुडाशी आहे, त्याबद्दल खाली येईल.

आता निर्णायक चाचणी. सपाट जागी इंजिन आयडलवर ठेवा, पेडल तळापर्यंत दाबा, मनात दहा आकडे मोजा आणि सावकाश रिव्हर्स टाका. एवढ्या वेळात शाफ्ट थांबलेलेच हवेत. तरीही कर्र आवाज आला तर शाफ्ट फिरताहेत, म्हणजे क्लच पूर्ण सुटलेला नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो, त्यामुळे तो काहीच लपवत नाही. घाईने, पेडल दाबल्याबरोबर टाकलेला रिव्हर्स करकरला तर त्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

लगेच पेडल दोन-तीनदा भराभर पंप करून पुन्हा गिअर टाका. फरक पडला तर हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत, हवा आहे किंवा गळती आहे. पेडल पंप केल्याने झिजलेली सिंक्रो रिंग काही सुधारत नाही. पेडल जमिनीलगत असतानाच गाडी पुढे सरकायला लागते, हीसुद्धा ड्रॅगचीच खूण.

सिंक्रोची तक्रार वेगळ्या वळणाची असते. ती एखाद्याच गिअरात असते, बहुतेकदा दुसऱ्यात. उभ्या गाडीत काही जाणवत नाही. चालत्या गाडीत, विशेषतः जास्त आरपीएमवर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना किंवा तिसऱ्यातून खाली येताना करकर होते. सावकाश, एक क्षण थांबून टाकला की तोच गिअर मुकाट्याने पडतो. डबल क्लच करून (न्यूट्रलमध्ये क्षणभर पेडल सोडून पुन्हा दाबून) वेग जुळवल्यावर आवाज गेला, तर तेवढ्यावरून सिंक्रोला दोषी धरू नका. वेग जुळला की ड्रॅग असलेल्या गाडीतही गिअर नीट पडतो. कोणता गिअर, उभ्या गाडीत की चालत्या, याच प्रश्नांनी निवाडा होतो.

तापमानही बरंच सांगून जातं. थंड गाडीत पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर अडतो आणि मग मोकळा होतो, तर जाड झालेलं तेल आणि थकलेली रिंग यांच्याकडे पाहा. उलट सकाळी सगळं ठीक आणि ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेल्यावर पहिला पडेना, तर तो क्लचचा दोष: तापलेला होज फुगतो, ऑइलमधल्या बुडबुड्यांचा दाब टिकत नाही.

या गाडीत क्लच ड्रॅगचा नेहमीचा गुन्हेगार स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा गिअरबॉक्सकडचा सिलिंडर. तो बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) बाहेर, उजव्या बाजूला दोन बोल्टांवर असतो. त्याचं रबरी बूट मागे सरकवा. आत ओल किंवा काळा चिकटा दिसला की सिलिंडर बदला. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरची गळती पेडलच्या वर, फायरवॉलपाशी आतल्या बाजूला दिसते. दोन्ही कोरडे असतील तर कोणाला तरी पेडल दाबून मिनिटभर धरायला सांगा आणि स्लेव्हच्या पुशरॉडवर नजर ठेवा. रॉड हळूहळू मागे सरकला तर मास्टरचं सील आतल्या आत दाब सोडतं आहे. दोन्ही सिलिंडर एकदमच बदलावेत हे आमचं ठाम मत आहे. एक नवा झाला की पूर्ववत झालेल्या दाबाने दुसऱ्याचं जुनं सील बऱ्याचदा लवकरच हार मानतं.

हवा काढताना स्लेव्हवरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. सुरुवातीला पेडल स्वतःहून वर येत नाही, हाताने ओढा. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑइल चालतं. सिलिकॉनचं डॉट-५ नको. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उठतो.

हायड्रॉलिक निर्दोष असूनही ड्रॅग राहिला तर कारण बेल हाउसिंगच्या आत आहे. हिवाळाभर उभ्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. नुकतंच क्लचचं काम झालं असेल तर प्लेट उलटी बसली किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर येऊन ती वाकली असेल. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग जाम झालं तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरतो आणि सगळी लक्षणं हुबेहूब ड्रॅगची दिसतात. (मारुती ८०० सारख्या केबल-क्लचच्या गाडीत हायड्रॉलिकच्या जागी केबलची लांबी आणि तिचे तुटलेले तंतू तपासायचे; बाकी तर्क तोच.)

दांड्याच्या बुडाशी असलेल्या टरेटला (दांडा ज्यात बसतो त्या घराला) या गाडीत स्वतःचं वेगळं तेल असतं, जेमतेम ८० ते ९५ मिली. ते आटलं, खालचं छोटं रबरी बूट फाटलं किंवा नायलॉनचा बुश तुटला की दांडा खरबरीत किंवा सैल होतो. कन्सोल काढून वरूनच होणारं हे काम गिअरबॉक्सच्या तेलासोबत उरकून घ्या.

क्लच निर्दोष ठरल्यावरही दुसरा करकरत असेल तर आधी गिअरबॉक्सचं तेल बदला: जाडी ७५डब्ल्यू-९०, दर्जा जीएल-४, सुमारे २ लिटर. भरायचा प्लग आधी उघडा, मग निचऱ्याचा. वरचा प्लग जाम असल्याचं तेल सांडल्यावर कळलं तर गाडी जागेवरच अडकते. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पितळेला मानवत नाहीत आणि ते तेल जास्त निसरडं असल्याने रिंगेची पकड घटते. काढलेल्या तेलात बारीक सोनेरी चमक थोडी असायचीच; पितळेचे तुकडे निघाले तर रिंग गेली. टाकलेला गिअर चालताना स्वतःहून बाहेर पडत असेल तर हब आणि दातच झिजले आहेत, तेलाने ते भरून येणार नाही.

गिअरबॉक्स उघडलाच तर रिंग शंकूवर दाबून तिच्या आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. अनेक जपानी गिअरबॉक्समध्ये ०.८ मिमी ही खालची मर्यादा असते. त्याहून कमी झाली की रिंग शंकूला धरण्याआधीच टेकते. आणि गिअरबॉक्स खाली आलेलाच आहे, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील हे पाचही नवे घाला. या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे एक्झॉस्ट, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरेन्शियलपर्यंत जाणारी पॉवर प्लांट फ्रेम सोडावी लागते, आणि सुटे भाग वाचवून तेच काम पुन्हा करणं परवडत नाही.