राष्ट्रवादी चळवळी आणि बहुवांशिक राज्यांचे विघटन

अनेक भाषा, धर्म व वंशांचे लोक एका सत्तेखाली राहत असताना त्यांपैकी एखादा समाज स्वतःला वेगळे राष्ट्र मानू लागतो, स्वतंत्र राज्य मागतो आणि शेवटी मूळ राज्य फुटते. नुसत्या अस्मितेने मात्र सहसा राज्य मोडत नाही. केंद्रसत्ता आधीच खिळखिळी झालेली असते आणि वेगळे होणाऱ्यांच्या हाती सीमा, विधिमंडळ, प्रशासन असा तयार सांगाडा असतो.

युगोस्लाव्हियात १९७४ च्या घटनेने सहा प्रजासत्ताकांना व्यापक अधिकार दिले होते. १९८० मध्ये देशाचे सर्वेसर्वा नेते टिटो वारले, कर्ज व महागाईने केंद्र दुबळे झाले. सर्ब राष्ट्रवादावर स्वार झालेले सर्बियाचे नेते मिलोशेविच यांनी १९८९ मध्ये सर्बियातील अल्बेनियन-बहुल कोसोवो प्रांताची स्वायत्तता काढून घेतली. उद्या आपली पाळी, ही धास्ती इतरत्र पसरली आणि २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. सरमिसळ वस्तीच्या बोस्नियाने याची सर्वांत भीषण किंमत मोजली. जुलै १९९५ मध्ये एकट्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक (बोस्नियातील मुस्लिम) पुरुष व मुलगे मारले गेले. फुटीचा दोष फुटून निघणाऱ्यांनाच देण्याची रीत आहे. वर्चस्व गाजवू पाहणाऱ्यांचा राष्ट्रवाद तितकाच, कित्येकदा अधिक जबाबदार असतो. पाकिस्तानातही ढाक्यातील १९५२ चा भाषा आंदोलकांवरील गोळीबार आणि १९७० चा नाकारलेला निवडणूक-कौल यांतूनच १९७१ ची बांगलादेशनिर्मिती घडली. चेकोस्लोव्हाकिया मात्र १ जानेवारी १९९३ रोजी रक्तपाताविना विभागला.

अशा उलथापालथींच्या खुणा कोल्हापूरजवळ वळिवड्यातही आहेत. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतांश स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात येथील छावणीत राहिले. त्यांचा मुलूख आज युक्रेन, बेलारूस व लिथुएनियात आहे. पुढे त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

भारताने भाषिक मागण्या, उशिरा आणि लोकांनी रेटा लावल्यावर का होईना, मान्य केल्या. कोल्हापूरनेही साथ दिलेल्या संयुक्त महाराष्ट्र चळवळीला संघराज्यातच मराठी राज्य हवे होते. ते १९६० मध्ये मिळाले, बेळगाव-निपाणी मात्र बाहेर राहिले. सीमाभागात १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात आणि वाद तापला की कागलपुढे कोगनोळी नाक्यावर बंदोबस्त लागतो. या प्रश्नावरील महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला.