भडक शर्ट आणि करडी पट्टी: रात्री यातलं नेमकं काय दिसतं?

रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी शर्ट निवडताना हात आधी सर्वांत भडक कपड्याकडे जातो. झगझगीत नारिंगी किंवा पोपटीकडे झुकणारा पिवळा रंग समोर आला की वाटतं, हा तर अंधारातही लपणार नाही. त्यावर शिवलेली करडी पट्टी बिचारी मरगळलेली दिसते, शोभेसाठी लावल्यासारखी. रात्री हेडलाइटचा झोत पडला की हिशोब उलटतो. रंग जवळजवळ गप्प होतो आणि तीच करडी पट्टी पेटते. बोलताना दोन्हीला सरसकट ‘चमकणारा शर्ट’ म्हणतात, आणि रात्रपाळीच्या खरेदीतला घोळ तिथेच सुरू होतो.

आधी रंग. साध्या पिवळ्या कापडावर उजेड पडला की ते त्यातला पिवळा भाग परत पाठवतं आणि उरलेला बराचसा गिळून टाकतं. फ्लोरोसंट रंग गिळलेल्यातलंही काही परत देतो. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण आणि निळा उजेड शोषून तो तीच ऊर्जा हिरवट पिवळ्या किंवा नारिंगी उजेडाच्या रूपात बाहेर टाकतो. परिणामी त्या ठरावीक रंगछटेचा जेवढा उजेड कापडावर पडतो, त्यापेक्षा जास्त कापडावरून निघतो. कापड आतून पेटल्यासारखं वाटतं ते म्हणूनच. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या प्रकाराला फ्लोरेसन्स हे नाव दिलं. त्यांनी क्विनाइन या हिवतापावरच्या औषधाचं द्रावण सूर्याच्या वर्णपटात जांभळ्याच्याही पलीकडे धरलं, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, आणि ते निळं उजळलं.

म्हणजे या रंगाचं इंधन आभाळातून येतं. भर उन्हात तो झकास दिसतोच, पण त्याची खरी मजा ढगाळ दिवशी आणि सूर्य मावळल्यानंतरच्या थोड्या वेळात. तेव्हाच्या उजेडात निळ्या आणि अतिनील भागाचं प्रमाण जास्त असतं. आजूबाजूचं सगळं मलूल होत असताना शर्ट मात्र उठून दिसतो. पूर्ण अंधार पडला की इंधन संपलं. पिवळ्या सोडियम दिव्यांत निळा-अतिनील भाग अगदी थोडा, हॅलोजन हेडलाइटमध्येही कमीच. एलईडी दिव्यांत निळा असतो, त्यामुळे पिवळा शर्ट थोडाफार उठतो, पण दुसरी अडचण तिथेही कायम राहते: कापड आपल्यावर पडलेला उजेड चारी दिशांना उधळतं. ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत त्यातला कणभरच पोचतो. रात्री लांबून पाहिलं तर फ्लोरोसंट शर्ट आणि साधा पांढरा शर्ट यांत मोठा फरक उरत नाही.

आता ती करडी पट्टी. हिला बरेच जण रेडियमची पट्टी म्हणतात, पण तिच्यात रेडियम नसतं आणि ती स्वतः उजेडही देत नाही. तिच्यावर काचेचे बारीक मणी बसवलेले असतात आणि त्यांच्या मागे आरशासारखा थर. किरण मण्यात शिरतो, वळून मागच्या थरावर आपटतो आणि आला त्याच दिशेने माघारी जातो. काही पट्ट्यांत मण्यांऐवजी सूक्ष्म प्रिझम असतात. तीन पृष्ठं एकमेकांना काटकोनात, त्यांवरून उड्या मारत किरण परत फिरतो. आरसा तिरपा धरला तर उजेड भलतीकडे जातो. ही पट्टी बरीच तिरपी झाली तरी उजेड दिव्याकडेच धाडते. हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे एकमेकांपासून फार लांब नसल्यामुळे त्याला ती लखलखती दिसते.

हे घरी पडताळता येतं आणि कुणी शर्ट खपवायला आणला तर त्याच्यासमोरच पडताळावं. खोली अंधारी करा, शर्ट पाच-सहा मीटरवर टांगा आणि टॉर्च कानशिलाला चिकटवून त्यावर मारा. पट्टी दिव्यासारखी पेटेल. आता टॉर्च तसाच शर्टावर रोखून हात बाजूला लांब करा. पट्टी विझते आणि करडं कापड उरतं. टॉर्च तोच, शर्ट तोच. डोळा आणि दिवा यांच्यातला कोन तेवढा वाढला. शेजारी उभ्या माणसाला तुमच्या टॉर्चने पट्टी चमकताना दिसत नाही, तेही याच कारणाने.

युरोपात आणि इतरत्रही वापरल्या जाणाऱ्या ईएन आयएसओ २०४७१ या मानकात नव्या पट्टीसाठी परतीच्या उजेडाचा किमान आकडा ३३० आहे, डोळा आणि दिवा यांच्यात ०.२ अंशाचा कोन धरून. आकडा नुसता वाचून काही कळत नाही. त्याच मापात शंभर टक्के उजेड परत विखुरणाऱ्या आदर्श पांढऱ्या पृष्ठभागाचा आकडा साधारण ०.३२ येतो. म्हणजे नियमात बसणारी नवी पट्टी पांढऱ्या कापडाच्या हजारपट उजळ. रंग कितीही भडक असो, या फरकाशी त्याची बरोबरी होत नाही.

एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोटारीत डोळे हेडलाइटच्या साधारण ६० सेंटिमीटर वर असतील, तर ०.२ अंशाचा कोन होतो सुमारे १७० मीटरवर. उंच ट्रकमध्ये डोळे आणि हेडलाइट यांच्यातलं अंतर १.४ मीटरपर्यंत जातं. मग तोच कोन होतो थेट ४०० मीटरवर, आणि ८० मीटरवर कोन एक अंशाला टेकतो. कोन वाढला की परतीचा उजेड झपाट्याने घटतो. एकाच अंतरावरून एकच शर्ट मोटारवाल्याला जास्त उजळ दिसतो आणि ट्रकवाल्याला कमी. अवजड वाहनांच्या रस्त्यावर पट्टीत काटकसर करू नये, ती यासाठी.

मग पट्टी हवी किती? वरच्या मानकात कपड्यांचे तीन वर्ग आहेत. वर्ग १ ला ०.१० चौरस मीटर पट्टी लागते, वर्ग २ ला ०.१३ आणि वर्ग ३ ला ०.२०. फ्लोरोसंट कापड अनुक्रमे ०.१४, ०.५० आणि ०.८० चौरस मीटर. पट्टीची रुंदी किमान ५ सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर रुंद पट्टी धरली तर हिशोब सोपा: वर्ग २ च्या शर्टावर एकूण २.६ मीटर पट्टी आणि वर्ग ३ च्या कपड्यावर ४ मीटर. शिंप्याची टेप घ्या आणि मोजा. पट्टी तुकड्या-तुकड्यांची असेल तर मधल्या फटी वजा करा. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सी १०७ या मानकात आकडे वेगळे आहेत. तिथे रस्त्यावरच्या कामाच्या कपड्यांना ‘आर’ प्रकार म्हणतात आणि रस्त्यापासून दूरच्या कामाच्या कपड्यांना ‘ओ’. ‘ओ’ प्रकारचा शर्ट वाहत्या रस्त्यावर वापरायचा नसतो, भले तो कितीही भडक असो.

लांबी जुळली तरी पट्टी कुठे बसवली आहे ते पाहायचंच. छाती-पोटावरच्या दोन आडव्या पट्ट्या अंधारात दिसतात, पण नुसत्या दोन चमकत्या रेघा म्हणून. तो बॅरिकेड आहे, पिंप आहे की माणूस, हे ठरवण्यात ड्रायव्हरचा वेळ जातो आणि ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. गुन्नर योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त काही उजळ ठिपके दिसत असले आणि तो चालत असला, तरी पाहणाऱ्याला तो माणूस आहे हे क्षणात ओळखू येतं. मनगट, कोपर, गुडघे, घोटे यांची लय डोळ्याला पाठ असते. म्हणून रात्रीच्या कामाला बाह्यांवर पट्टी असलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि घोट्याजवळ पट्टी असलेली पँट यांना मी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टपेक्षा खूप वर ठेवेन. वर्ग ३ मध्येही धड झाकलेलं असणं आणि त्याबरोबर पट्टीच्या बाह्या किंवा पट्टीची पूर्ण लांब पँट असणं सक्तीचं आहे. उकाड्यात बाह्या दुमडल्या जातात हे खरं. त्यावर उपाय हवेशीर जाळीचं कापड घेणं हा आहे. बाह्याच कापून टाकणं हा नव्हे.

बाजारात भडक रंग आणि खरी पट्टी यांच्या मधली काही फसवी मंडळीही आहेत. पहिली, करड्या शाईने छापलेली पट्टी. दिवसा ती हुबेहूब खरी वाटते आणि टॉर्चच्या चाचणीत तोंडघशी पडते. दुसरी, गडद निळ्या किंवा काळ्या शर्टावर लावलेली अस्सल पट्टी: रात्री ठीक, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा बऱ्याच गाड्यांचे दिवे बंदच असतात, माणूस अदृश्य. तिसरी, अंधारात हिरवट उजळणारी छपाई. ती साठवलेला उजेड हळूहळू सोडते, हेडलाइटपुढे तिचा निभाव लागत नाही. तिला विसरून जावं.

पिवळा की नारिंगी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दिवसाच्या उजेडात डोळा हिरवट पिवळ्याला, ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, सर्वाधिक संवेदनशील असतो आणि उजेड कमी होत जातो तशी ही संवेदना आणखी निळ्या-हिरव्याकडे सरकते. त्यामुळे तिन्हीसांजेला पिवळा सरस. नारिंगी हिरव्या झाडोऱ्यापुढे उठून दिसतो, पण आजूबाजूला नारिंगी कोन आणि नारिंगी यंत्रं असतील तर माणूस त्यांतलाच एक होऊन जातो. लाल रंग नीट न दिसणाऱ्या ड्रायव्हरांना नारिंगी-लाल काळपट वाटतो, हेही पिवळ्याच्याच पारड्यात. निव्वळ रात्रीच्या कामाला मात्र हा वाद बिनकामाचा आहे. तेवढा वेळ पट्टी मोजण्यात घालवावा.

शर्टावर काय येतं, हाही प्रश्न आहेच. थंडी पडली की वर साधं जॅकेट चढतं, पाऊस आला की रेनकोट, कमरेला हत्यारांचा पट्टा, पाठीला पिशवी. वर्ग ३ चा शर्ट आत आणि बाहेर काळा रेनकोट असेल, तर वर्ग फक्त लेबलवर राहिला. जो थर सर्वांत बाहेर, त्याच्यावर रंग आणि पट्टी दोन्ही हवं. पावसात उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसतो, किरण वळण्याचं गणित बिघडतं आणि चमक घटते. पावसाळी कामाला म्हणूनच मणी किंवा प्रिझम वरून बंद केलेली पट्टी बरी.

रंग आणि पट्टी एका वेळी म्हातारे होत नाहीत. रंग उन्हाने विटतो. रोज दिवसपाळीला वापरलेला शर्ट फिकट लिंबू रंगाचा झाला की त्याची फ्लोरोसंट करामत संपत आली. पट्टीला मारतं ते घासणं, ब्लीच, कडक इस्त्री आणि वारंवार धुणं. मणी निघतात, कोपर आणि खांद्याच्या घडीवर आधी. धुण्याची कमाल संख्या लेबलवर दिलेली असेल तर ती पट्टीचंही आयुष्य सांगते, म्हणून शर्ट कधीपासून वापरात आहे याची नोंद कॉलरच्या आत मार्करने करून ठेवावी. आणि अधूनमधून जुना शर्ट कोऱ्या शर्टाशेजारी टांगून टॉर्च कानशिलाशी धरावा. जुन्यावर काळे चट्टे दिसले तर रंग कितीही भडक उरलेला असो, तो शर्ट रात्रपाळीतून काढावा.