प्रथिनवाहक धातु-कार्बनी सांगाडे

धातूचे आयन किंवा त्यांचे लहान समूह कार्बनी रेणूंनी जोडले जाऊन तयार होणारी सच्छिद्र स्फटिकी जाळी. तिच्यात औषधी प्रथिने बंदिस्त करून शरीरात इष्ट जागी मुक्त करता येतात. प्रयोगशाळांत ‘मॉफ’ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) हे इंग्रजी आद्याक्षरांचे नावच रुळले आहे. तोंडावाटे दिलेले प्रथिन जठरातील अम्ल व पेप्सीन हे पाचक एंझाइम यांपुढे टिकत नाही, टोचलेले रक्तातील एंझाइमांनी तुटते आणि कुपीतले उष्णतेने बिघडते. म्हणून हा खटाटोप.

संकल्पनेचा उगम कोठे मानावा यावर एकमत नाही. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी (बहुधा १७०४–०६ च्या सुमारास) तयार झालेले प्रशियन निळे हे रंगद्रव्य काही लेखक पूर्वज मानतात. त्याची जाळी लोह व सायनाइड यांची असते. सायनाइडाला कार्बनी दुवा म्हणणे जरा ओढूनताणूनच होते. रिचर्ड रॉबसन व बर्नार्ड हॉस्किन्स यांनी ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये तांब्याचे आयन व चार भुजांचा कार्बनी रेणू यांपासून हिऱ्याच्या धर्तीची, पण मोठ्या पोकळ्यांची जाळी घडवली. आरंभबिंदू म्हणून हेच काम अधिक ग्राह्य वाटते. ‘धातु-कार्बनी सांगाडा’ ही संज्ञा ओमर याघी यांनी १९९५ मध्ये रूढ केली. सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा जाळीत वायू शिरतात व बाहेर पडतात, तरी ती कोसळत नाही, हे दाखवले. रॉबसन, कितागावा व याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रथिनांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा ‘झिफ-८’ हा सांगाडा (जस्त व २-मिथिलइमिडाझोल हा कार्बनी रेणू यांचा) २००६ मध्ये चीनमधील च्येन श्याओमिंग यांच्या गटाने ‘माफ-४’ या नावाने व याघी यांच्या गटाने ‘झिफ-८’ या नावाने प्रसिद्ध केला. दुसरे नाव टिकले.

प्रथिन आत घालण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत सांगाडा आधी तयार करून प्रथिनाच्या विद्रावात भिजवतात. यासाठी रंध्रांची तोंडे रुंद लागतात. २०१२ मध्ये वर्णन झालेल्या एका मालिकेत ती १.४ पासून ९.८ नॅनोमीटरपर्यंत वाढवण्यात आली आणि त्यांतील एका सदस्यात मायोग्लोबिन हे स्नायूंतील प्रथिन शिरल्याचे आढळले. झिर्कोनियमाच्या ‘एनयू-१०००’ या सांगाड्यात इन्शुलीन अर्ध्या तासात वजनाच्या सु. ४० टक्के भरते, असे २०१८ मध्ये दिसून आले.

दुसऱ्या रीतीत प्रथिनाच्या उपस्थितीतच स्फटिक वाढवतात. सायटोक्रोम-सी हे प्रथिन वापरून हे २०१४ मध्ये साधले. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका गटाने शिंपल्याच्या जैविक खनिजीभवनाशी तुलना करून ते अनेक प्रथिनांना लागू केले. २-मिथिलइमिडाझोलाच्या नितळ विद्रावात गाईच्या रक्तातील अल्ब्युमीन मिसळून वरून जस्ताच्या ॲसिटेटाचा विद्राव ओतला की मिश्रण पाहता पाहता दुधाळ होते. अपकेंद्री यंत्रात फिरवल्यावर नळीच्या तळाशी पांढरा साका बसतो. प्रथिनाच्या पृष्ठावरील ऋणभार जस्ताचे आयन ओढून घेतो व स्फटिकाची सुरुवात तेथेच होते, हे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. धनभारित प्रथिनांशी हा प्रयोग सहसा फसतो. त्यांचे अमिनो गट रासायनिक रीतीने झाकले की जमतो.

येथे ‘सच्छिद्र’ हे विशेषण दिशाभूल करते. झिफ-८ मधील पोकळीचा व्यास सु. १.१६ नॅनोमीटर, तिच्या खिडकीचा फक्त ०.३४ नॅनोमीटर, अल्ब्युमिनाचा रेणू त्याहून कितीतरी मोठा. म्हणजे प्रथिन रंध्रात बसलेले नसते, ते स्फटिकात चिणलेले असते. साका तीव्र प्रक्षालकाने (डिटर्जंटने) धुतला नाही तर बाहेर चिकटलेले प्रथिनही आतलेच म्हणून मोजले जाते. न धुता काढलेले भरणाचे आकडे त्यामुळे सावधपणेच घ्यावेत.

चिणलेले प्रथिन बाहेर येते ते भिंत विरघळल्यावर. अम्लात इमिडाझोलाचा नायट्रोजन प्रोटॉन घेतो व जस्ताशी असलेला बंध तुटतो. रक्ताचे पीएच मूल्य ७.४, पेशीतील लायसोसोमाचे (पचन करणाऱ्या पिशवीचे) ४.५ ते ५. या फरकावर सारी भिस्त असते. इन्शुलिनासोबत ग्लुकोज ऑक्सिडेज हे ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करणारे एंझाइम चिणले तर साखर वाढताच ग्लुकॉनिक अम्ल तयार होते आणि सांगाडा विरघळू लागतो. परंतु ७.४ पीएच असलेल्या फॉस्फेट-उभयप्रतिरोधी (बफर) विद्रावातही झिफ-८ झिजतो, कारण फॉस्फेट जस्ताला पळवते. त्यामुळे अशा विद्रावात मोजलेली मुक्तता केवळ अम्लामुळे झाली असे मानता येत नाही. जठराच्या अम्लात झिफ-८ निरुपयोगी ठरतो. झिर्कोनियमाचे सांगाडे तेथे टिकतात, पण फॉस्फेटापुढे तेही नमतात.

टिकणे म्हणजे कार्यक्षम राहणे नव्हे. कॅटॅलेज हे एंझाइम जलद्वेषी झिफ-८ मध्ये जवळजवळ निष्क्रिय राहते, तर त्याच कुळातील जलस्नेही ‘झिफ-९०’ मध्ये आपले काम करते (२०१९).

वैद्यकातील काम बहुतांशी परीक्षानळी व प्राणी यांपुरतेच आहे. मुक्त होणाऱ्या जस्ताची मात्रा पेशींना किती सोसते, हा प्रश्न उरतोच. हाफ्नियमाच्या एका सांगाड्याच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत, परंतु तो प्रारण उपचाराची परिणामकारकता वाढवण्यासाठी असून त्यात प्रथिन नसते.