विल्सन दांपत्याचा हर्णैचा मुक्काम

गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज मुंबईत सगळ्यांना ठाऊक असतं. गावदेवीतली सेंट कोलंबा ही मुलींची शाळाही अनेकांच्या ओळखीची. दोन्ही संस्था आपली सुरुवात १८३२ पासून मोजतात आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घर आहे, जॉन आणि मार्गारेट विल्सन या स्कॉटिश मिशनरी दांपत्याचं. या दोघांनी मराठी गिरवलं ते मात्र बाणकोट आणि हर्णैला. दापोली-मंडणगडच्या माणसांनाही ही गोष्ट फारशी माहीत नसते. ती नीट कळायची तर थोडं मागे, पेशवाई बुडाली तिथपर्यंत जावं लागतं.

१८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला, आणि त्याआधीच सुवर्णदुर्गासह किनाऱ्यावरचे किल्ले कंपनीच्या हाती पडायला लागले होते. किल्ल्यांवरची शिबंदी सुटली, आरमार मोडलं. ज्या घरांचं पोट तलवारीवर किंवा वल्ह्यावर होतं, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. पुढे याच भागातली हजारो माणसं कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाली. दापोलीला छावणी पडली. जुनी माणसं अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते त्यामुळेच. बाणकोटची गोष्ट याहून जुनी. सावित्रीच्या मुखावरचा तो किल्ला १७५६ मध्येच इंग्रजांकडे आला होता आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. युद्धानंतर दक्षिण कोकणचा कारभार काही वर्षं तिथूनच चालला. १८२२ मध्ये मुख्य ठाणं रत्नागिरीला हललं.

अशा वेळी, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीची पहिली माणसं इकडे आली. त्यांना जायचं होतं पुण्याला, पण सरकारने परवानगी दिली नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. नुकत्याच जिंकलेल्या पेशव्यांच्या राजधानीत धर्मप्रचारक पाठवले तर ब्राह्मणवर्ग बिथरेल, ही त्यांची धास्ती होती. त्याच पुण्यात त्यांनी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढून दिली होती, यावरून त्यांचं धोरण ध्यानात येतं. पुणं बंद, म्हणून कोकण. बाणकोट जुनं इंग्रजी ठाणं असल्यामुळे तिथे अडचण नव्हती. नाना फडणविसांचं वेळास बाणकोटच्या शेजारीच आहे. पेशवाईच्या अखेरच्या मोठ्या कारभाऱ्याच्या गावाच्या अंगणातच ही मंडळी उतरली म्हणायची.

पहिले आलेले डॉनल्ड मिचेल वर्षभरातच वारले. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन आले आणि १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट. बाणकोट आणि हर्णै ही दोन केंद्रं धरून आसपासच्या गावांत शाळा निघाल्या. या शाळा म्हणजे आजच्यासारखी इमारत, घंटा, फळा असं काही डोळ्यांसमोर आणू नये. कुणाची ओसरी, एखादं देऊळ, नाहीतर एखादी पडवी. शिकवणारे पंतोजी गावातलेच, बहुतेक ब्राह्मण, आणि आता पगार मिशनचा. लाकडी फळीवर बारीक माती पसरायची, काडीने अक्षर काढायचं, पंतोजींनी पाहिलं की तळहात फिरवून पुसून टाकायचं आणि पुढचं अक्षर. हीच धूळपाटी. तिच्यावर मुळाक्षरं, बाराखडी, मग पावकी-निमकी. व्यवहाराचा कागद सगळा मोडीत असे. मिशनची छापील पुस्तकं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. ओळीओळीने छापलेलं मराठी पान कोकणातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा या शाळांतच हाती धरलं असणार.

या माणसांना धर्म द्यायचा होता, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. गावकऱ्यांना हवं होतं लिहिणं-वाचणं आणि हिशेब. पोरगं चार अक्षरं शिकलं तर नव्या सरकारच्या कचेरीत कारकून होईल, हा सरळ विचार. कोकणात त्या काळात धर्मांतरं अगदीच थोडी झाली. लोकांनी अक्षर उचललं आणि देव आपले ठेवले. मला यात गावकऱ्यांचं शहाणपण दिसतं.

विल्सन दांपत्य फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरलं आणि लवकरच बाणकोट-हर्णैकडे आलं. मार्गारेटबाई स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरगावच्या, वडील धर्मोपदेशक. जन्म १७९५ चा, म्हणजे नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मुंबईहून इकडे यायचं ते गलबताने, आणि पावसाळ्यात बंदर बंद झालं की नारळी पौर्णिमेपर्यंत तेही नाही. आज हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू होतो, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून होड्यांपर्यंत जातात, समोर सुवर्णदुर्ग असतो. तो किल्ला रोज डोळ्यांसमोर ठेवून या बाईंनी मराठी धडे केले.

त्यांनी भाषा शिकावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. कंपनीच्या साहेबांच्या बायका नोकरांना हुकूम देण्यापुरतं हिंदुस्तानी बोलत आणि तिथेच थांबत. मिशनमधल्या बायकांचं तसं नव्हतं. मुलींच्या आईशी, आजीशी बोलायचं तर पुरुषांचा उपयोग नव्हता. माजघरापर्यंत जायचं तर बाईच हवी आणि तिला मराठी यायलाच हवं. कोकणात या बायकांनी मुलींना शिकवायला सुरुवात केलीही होती. अहवालांत त्यांची स्वतःची नावं क्वचितच येतात. त्या अमक्याच्या मिसेस असतात. मार्गारेटबाईंचं नाव टिकलं ते त्यांच्या मृत्यूनंतर नवऱ्याने त्यांचं चरित्र छापलं म्हणून.

कोकणाशी जोडलेला आणखी एक धागा बेने इस्राएल समाजाचा. अलिबाग-रेवदंड्यापासून खालपर्यंत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. मातृभाषा मराठी, आणि हिब्रूची ओळख जवळजवळ पुसलेली. मिशनच्या शाळांत या समाजाची मुलं मोठ्या संख्येने आली. विल्सननी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं. हे लोक ख्रिस्ती झाले नाहीत. आपलाच जुना करार मराठीत वाचून आपल्या धर्मात अधिक घट्ट झाले.

१८२९ संपता संपता विल्सन दांपत्य मुंबईला गेलं. मार्गारेटबाईंनी तिथे मुलींच्या शाळा काढल्या, पंतोजी नेमले, वर्ग तपासले, बाळंतपणं सोसली, लेकरं गमावली. १९ एप्रिल १८३५ रोजी, चाळिशीही न गाठता, त्या गेल्या. पुढे त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून येऊन त्या शाळा चालवू लागल्या. जॉन विल्सन १८७५ पर्यंत मुंबईतच राहिले.

मिशनचे बाकीचे लोकही हळूहळू निघाले. पुणं खुलं झालं तसे जेम्स मिचेल आणि स्टीव्हन्सन तिकडे गेले, नेस्बिट मुंबईला. कोकणातून मुंबई-पुण्याला जाणारी जी वाट आपल्या प्रत्येक घराने धरली, तीच यांनीही धरली, आणि मागे राहिलेल्या शाळा विरत गेल्या. याचं मला फार वाईट वाटतं. हर्णैच्या मुली जेमतेम बाराखडीपर्यंत आल्या होत्या.

मुंबईत पुढे वाद पेटले. मोरभट दांडेकर १८३१ मध्ये हिंदू धर्माच्या बाजूने विल्सनशी जाहीर वादाला उभे राहिले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला नेस्बिटनी बाप्तिस्मा दिला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनकडून परत आला तेव्हा त्याला स्वधर्मात घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेही कोकणातलेच.

दापोलीला मिशन पुन्हा आलं ते दोन पिढ्यांनी, आणि ते वेगळ्या पंथाचं. त्यांनी चालवलेल्या हायस्कुलात पांडुरंग वामन काणे शिकले, साने गुरुजी पालगडहून येऊन शिकले. ती शाळा मुख्यतः मुलग्यांची. हर्णैच्या खालच्या मुरुडात वाढलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी बायकांच्या शिक्षणाला वाहून घेतलं, पण तेही पुण्याजवळ हिंगण्याला जाऊन. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, माहेरच्या देवरुखच्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या; ते सदन आधी मुंबईत होतं, मग पुण्यात.

बाणकोट-हर्णैच्या त्या पहिल्या शाळांची खूण शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. त्यांना इमारतीच नव्हत्या. ओसऱ्या होत्या, आणि धूळपाटीवरचं अक्षर तर पंतोजी रोज स्वतःच्या हाताने पुसत.