घोड्यावरून रणगाड्यांवर हल्ला? नाही हो

पोलंडचे घोडेस्वार भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर तुटून पडले, हा किस्सा शाळेपासून ऐकतोय ना आपण? तसं काही झालंच नव्हतं. १ सप्टेंबर १९३९, दुसऱ्या महायुद्धाचा पहिलाच दिवस, पोलंडमधलं क्रोयांती गाव. तिथे पोलिश घोडदळाने हल्ला केला तो जंगलाच्या कडेला थांबलेल्या जर्मन पायदळावर, तोही तलवारी उपसून, आणि पायदळ चक्क पांगलं पण! मग अचानक चिलखती गाड्या आल्या, त्यांच्या मशीनगनने घात केला आणि घोडदळाचे कमांडर कर्नल मास्तालेझसुद्धा गेले. दुसऱ्या दिवशी इटालियन पत्रकारांना तिथे नेलं, तोवर रणगाडे येऊन उभे होते, समोर मेलेली माणसं-घोडी, झाली स्टोरी तयार. नाझींना ती हवीच होती, बघा हे पोलिश किती मागासलेले म्हणून. पण खरी गंमत पुढे आहे, युद्धानंतर पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीनेही हाच किस्सा चालवला, कारण जुने जमीनदारी थाटाचे अधिकारी सैनिकांना फुकट मारायचे हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे दोन कट्टर वैरी, गोष्ट एकच! बाकी या घोडदळाकडे रणगाडाविरोधी बोफोर्स तोफा होत्या, हे दोघांनीही सोयीस्कर गाळलं.