अंगाची माती टिकेना, शेपटीची सुटेना

मृगाच्या सरी पडून गेल्या की पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी-लोणावळ्याच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला क्वचित वीतभर लांबीचा एक चकचकीत साप वळवळताना दिसतो. त्याचा रंग तपकिरी असतो, कुशीवर पिवळे डाग असतात आणि शेपटी कोणी विळ्याने तिरकी छाटावी तशी दिसते. हा गाडीखाली चेंगरला असावा, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. पण ती त्याची धडधाकट शेपटी असते. हा फिप्सनचा खापरखवल्या. 1888 मध्ये त्याला ज्यांचे नाव मिळाले ते फिप्सन मुंबईतले मद्यविक्रेते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते.

खापरखवल्यांचे कुळ जगात फक्त भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका येथे आढळते. हे साप बिनविषारी आहेत, गांडुळांवर जगतात आणि अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात. त्यांची खरी गंमत मात्र बीळ कोरण्यात आहे. खापरखवल्या टोकदार डोके मातीत खुपसतो आणि कातडीच्या आतल्या आत पाठीचा कणा नागमोडी वाकवतो, त्यामुळे शरीराचा पुढचा भाग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट बसतो. मग तो आधार घेऊन कणा सरळ होतो आणि डोके पाचरीसारखे पुढे ठोकले जाते. हातात घेतल्यास तो चावत नाही, उलट बोटांच्या बेचक्यांत डोके घालून तशीच वाट काढू पाहतो.

एवढे करूनही त्याचे अंग स्वच्छ राहते. खवल्यांवरील अतिसूक्ष्म नक्षीमुळे ओली माती चिकटत नाही, आणि उन्हात त्यावर मोरपंखी छटा उमटतात त्याही त्या नक्षीमुळेच. शेपटीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिच्या छाटलेल्या भागावरील खवले खडबडीत, कंगोरेदार असतात, त्यावर मातीचे टोपण बसते आणि साप पुढे सरकत असताना मागचे बीळ बुचासारखे बंद होते.

या कुळातील एका काळ्या सापाचे वर्णन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुण्याच्या कात्रज येथील सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ त्याला 'मेलॅनोफिडियम खैरेई' हे नाव मिळाले. त्याच्या काळ्या अंगावरही तीच मोरपंखी झाक आहे, परंतु शेपटीवर ही छाटलेली ढाल नाही.