घाटात गिअर सुटतो तेव्हा

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की आमच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ठरलेलं. सपाटीवर गुणी लेकरासारखी चालायची आणि अर्ध्या घाटात, ऐन वळणावर, इंजिन एकदम ओरडायचं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा 2,000 वरून 4,000 वर, गाडी मात्र तिथंच रेंगाळलेली. मग धाडकन गिअर पडायचा. एका गॅरेजात निकाल मिळाला, "गिअरबॉक्स गेला, नवा टाका." खर्च जवळपास गाडीच्या किमतीएवढा. परतवाड्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पान्याला हातही लावला नाही. म्हणाला, "थंडी असते तवा करते का गरम झाल्यावर, ते सांगा आंधी."

प्रश्न साधा वाटतो, पण अर्धं निदान त्यातच आहे. या बॉक्समधली दंतचक्रं, मधे सूर्य आणि भोवती ग्रह, कायम एकमेकांत गुंतलेली असतात. कुठलं चक्र धरायचं नि कुठलं सोडायचं हे चकत्यांचे क्लच ठरवतात आणि त्या चकत्या आवळतो तेलाचा दाब. इंजिनाची ताकद आत पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरही तेलावरच चालतो: एक पंखा तेल भिरकावतो, समोरचा त्या झोतानं फिरतो. (जर्मन इंजिनिअर हेरमान फ्योटिंगर यांनी 1905 साली ही युक्ती पेटंट केली ती जहाजांसाठी.) दोन पंख्यांच्या वेगात फरक जितका जास्त, तितकं तेल घुसळून तापतं. घाटात हळू चढताना हा फरक मोठा. वर मे महिन्यातलं आपलं 45 अंशांचं ऊन. तापलेलं तेल पातळ होतं, वयानं कडक झालेल्या रबरी सीलांमधून निसटतं, दाब कमी होतो, चकत्या घसरतात.

पण वळणावरच का? तेल कमी असेल तर चढावर आणि वळणावर ते बॉक्सच्या तळातल्या पॅनच्या एका बाजूला जातं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो. फेस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. म्हणून क्लच ढिला.

मिस्त्रीनं गाडी सपाट जागी घेतली, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवरून फिरवली आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढली. (काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, काहींत डिपस्टिकच नसते, मॅन्युअल बघावं.) थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. नवं तेल लाल रंगवलेलं असतं. आमचं विटकरी तपकिरी, पण करपल्याचा वास नव्हता, म्हणजे चकत्यांचं अस्तर अजून जळलं नव्हतं. दुधात गुलाबाचं सरबत घातल्यासारखं दिसलं असतं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलेलं. मग गाडी चालूच करू नये. आमची पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती.

हे तेल इंजिन ऑईलसारखं जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे गळतंय. बॉक्समधून रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या क्लिपखाली काळ्या मातीचा जाड लपका बसला होता. बाकी पाइप कोरडा धुळकट. ओल्या जागीच माती धरते. लपका खरवडला तर खाली चीर.

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा. सगळेच गिअर घसरत असतील तर दुखणं सामाईक: तेल, फिल्टर, पंप. एकच घसरत असेल तर बहुधा त्याच गिअरचा क्लच. आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली तर आधी वायरिंग पाहावं. सिग्नल तुटला की संगणक घरी पोचण्यापुरता एक गिअर देऊन थांबतो. कापसाच्या गंजीशेजारी महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा सिग्नल उंदरानं तोडलेला असू शकतो, त्यासाठी बॉक्स कशाला खोलायचा?

पाइप, दोन क्लिपा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं पाऊण लिटर तेल, एवढ्यात भागलं. परवा घाट चढलो, वळणावर काटा जागचा हलला नाही. पहाटे मात्र लिव्हर डीवर (पुढं जायच्या खुणेवर) टाकल्यावर गाडी अजून दोन-तीन सेकंद विचार करते. ते कडक सीलांचं दुखणं, आणि ते तेल घालून जायचं नाही.